तबकड्यांचा संघ

पोथीला कसर लागते, कागदाला वाळवी लागते, ताडपत्राला बुरशी येते. विनाशाचे हे प्रकार डोळ्यांना दिसतात, आणि दिसतात म्हणूनच दक्ष ग्रंथपाल वेळीच सावध होतो. संगणकातील तबकडीची गोष्ट निराळी आहे. काल सायंकाळपर्यंत निमूटपणे काम करणारी तबकडी आज सकाळी वीज मिळताच दोनचार वेळा टकटक असा आवाज करते आणि कायमची मुकी होते. बाहेरून पाहावे तर पेटी जशीच्या तशी. आतील मजकूर मात्र असून नसल्यासारखा.

समजा, महाराष्ट्राबाहेरच्या एखाद्या शहरात साठसत्तर वर्षे चालत आलेले एक मराठी ग्रंथालय आहे. संस्थेची जुनी इतिवृत्ते, बंद पडलेल्या मासिकांचे अंक, कुणा सभासदाने दिलेले मोडी कागद, यांची छायाचित्रे घेऊन चालकांनी ती संगणकात ठेवली आहेत. मूळ कागद इतके जीर्ण झाले आहेत की पुन्हा उलगडू गेल्यास हाती चुराच यावा. अशा ग्रंथालयाला एका पेटीच्या भरवशावर राहणे परवडण्यासारखे नाही. दुसरीकडे, मोठ्या पेढ्या वापरतात तशी लक्षावधी रुपयांची साठवणयंत्रे घेणेही त्याच्या ऐपतीबाहेरचे आहे. या दोहोंच्या मधली वाट लिनक्स या मुक्त प्रणालीने फार पूर्वीच घालून ठेवली आहे. बाजारात मिळणाऱ्या साध्या तबकड्या चारदोन घ्याव्या, त्यांचा संघ करावा, आणि एखादी मेली तरी उरलेल्यांनी तिचा भार उचलावा, अशी ही योजना. तिचे इंग्रजी नाव ‘रेड’. उच्चाराने हा शब्द पोलिसांच्या धाडीची आठवण करून देतो. पण येथे ती केवळ चार शब्दांच्या आद्याक्षरांची मोळी आहे.

१९५६ साली आय.बी.एम. कंपनीने ‘रॅमॅक’ या यंत्राबरोबर पहिली तबकडी-साठवण बाजारात आणली, तेव्हा चोवीस इंच व्यासाच्या पन्नास चकत्या एकावर एक बसवूनही तीत अवघी पन्नास लक्ष अक्षरे मावत, आणि त्या कपाटाचे वजन एक टनाहून अधिक भरे. आज तळहातावर मावणाऱ्या चार टेराबाइटच्या तबकडीत चार लक्ष कोटी अक्षरे राहतात. म्हणजे आठ लक्ष पट. साठवण वाढली त्याच मापाने एका अपघातात बुडणारा ऐवजही वाढला, ही या प्रगतीची दुसरी बाजू फारसे कोणी बोलून दाखवीत नाही.

ती बाजू स्पष्टपणे मांडली ती कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या तिघांनी, १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात. त्या काळी मोठ्या संगणकांना एकेक प्रचंड आणि महागडी तबकडी जोडण्याची रीत होती. तिच्याऐवजी वैयक्तिक संगणकांसाठी निघालेल्या लहान, स्वस्त तबकड्यांची रांग का लावू नये, असा त्यांचा प्रश्न होता. वेग वाढेल, वीज वाचेल, पैसाही वाचेल. अडचण एकच, आणि ती निबंधकारांनी लपवली नाही. एक तबकडी सरासरी तीस हजार तास टिकते असे धरले, तर शंभर तबकड्यांच्या रांगेत कुठली ना कुठली तरी तबकडी सरासरी तीनशे तासांत, म्हणजे दोन आठवड्यांच्या आतच, निकामी होणार. घरात माणसे वाढली की कोणी ना कोणी आजारी असायचेच, तसा हा हिशेब. तेव्हा रांगेत थोडी जागा जादा ठेवावी आणि तीत असे काही लिहून ठेवावे की मेलेल्या तबकडीचा मजकूर उरलेल्यांवरून पुन्हा काढता यावा. या कल्पनेचे बीज तसे जुनेच. निकामी साठवणीतील मजकूर परत मिळवण्याच्या अशा एका युक्तीचे अमेरिकन पेटंट आय.बी.एम.च्या नॉर्मन केन औची यांना १९७८ सालीच मिळाले होते. परंतु तिला नाव आणि वर्गवारी मिळाली ती बर्कलीच्या निबंधामुळे. निबंधाच्या मथळ्यात ‘स्वस्त’ तबकड्या असा शब्द होता. पुढे व्यापारी जगात त्याचा ‘स्वतंत्र’ तबकड्या असा पालट झाला. महाग यंत्रे विकणाऱ्यांना मूळ शब्द अडचणीचा वाटला असावा.

हरवलेला मजकूर ‘पुन्हा काढणे’ म्हणजे चमत्कार नव्हे. वाण्याच्या वहीत तो रोज घडतो. वहीत तीन रकमा आहेत आणि शेवटी त्यांची बेरीज. मधल्या रकमेवर शाई सांडली, तर बेरजेतून उरलेल्या दोन वजा केल्या की गेलेली रक्कम हाती येते. बेरजेवरच शाई सांडली, तर पुन्हा बेरीज करावी. मात्र दोन रकमा एकदम पुसल्या गेल्या तर वाण्यालाही हात टेकावे लागतात. संगणकाला सारा मजकूर शून्य आणि एक यांतच दिसत असल्यामुळे त्याची बेरीज याहूनही सोपी. तीन तबकड्यांवर एकाच जागी १, ०, १ असे अंक आहेत. चौथ्या तबकडीवर असा अंक लिहावा की चौघींत मिळून येणाऱ्या एकांची संख्या सम व्हावी. येथे एक हा अंक आधीच दोन वेळा आला आहे, म्हणून चौथ्या जागी ०. आता पहिली तबकडी मेली. उरले ०, १ आणि ०. यांत एक हा अंक एकदाच आहे. संख्या सम व्हायची तर हरवलेला अंक १ च असला पाहिजे. या जादा अंकाला इंग्रजीत ‘पॅरिटी’ म्हणतात. रोजमेळाच्या आठवणीने येथे त्याला ‘मेळ’ म्हटले आहे.

बर्कलीच्या निबंधात मांडणीचे पाच प्रकार होते. त्यांतले व्यवहारात टिकले ते मोजके, आणि पुढे त्यांत भरही पडली. ज्याला शून्य क्रमांक मिळाला त्यात मजकुराचे पट्टे पाडून ते तबकड्यांवर आळीपाळीने लिहितात. वेग मिळतो, परंतु जादा काहीच लिहिलेले नसल्याने एक तबकडी गेली की सारेच गेले. त्याला शून्य हे नाव शोभते. पहिल्या प्रकारात दोन तबकड्यांवर तोच मजकूर, आरशातील प्रतिमेसारखा. निम्मी जागा खर्ची पडते, पण समजायला आणि सावरायला याच्याइतका सोपा प्रकार दुसरा नाही. दोनच तबकड्या घेण्याची ऐपत असेल तर पुढचा विचार करण्याचे कारण नाही. चौथ्या प्रकारात एक संपूर्ण तबकडी मेळासाठी राखलेली असते. मजकुरात कुठेही लहानसा बदल केला की जुना मजकूर वाचा, जुना मेळ वाचा, नवा मजकूर लिहा, नवा मेळ लिहा, अशी चार कामे पडतात. त्यामुळे मेळाची तबकडी एकटीच राबत राहते. पाचव्या प्रकारात मेळ सर्व तबकड्यांवर फिरता ठेवून हा भार वाटून दिला आहे. चार टेराबाइटच्या चार तबकड्या असतील तर यात बारा टेराबाइट जागा वापरायला मिळते, आणि एक तबकडी मेली तरी चालते.

सहाव्या प्रकारात दोन मेळ ठेवतात आणि दोन तबकड्या गेल्या तरी संघ तगतो. दुसरा मेळ पहिल्याचीच नक्कल असून भागत नाही. त्यात प्रत्येक रकमेला निरनिराळ्या गुणकाने गुणून मग बेरीज करतात. समीकरणे दोन झाली की अज्ञाते दोन सुटतात, हे शाळेतलेच बीजगणित. फक्त गुणाकार असा हवा की त्याचे उत्तर ठराविक मापाबाहेर कधी जाऊ नये. तसा गुणाकार एव्हारिस्त गॅल्वा या फ्रेंच गणितज्ञाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संख्याक्षेत्रात मिळतो. गॅल्वा १८३२ साली, वयाची एकवीस वर्षे पुरी होण्यापूर्वीच, द्वंद्वयुद्धात मारला गेला. त्याचे गणित आज कुठल्याशा ग्रंथालयाच्या कपाटाखाली गुणगुणणाऱ्या पेटीत अहोरात्र चालू असते.

मग ग्रंथालयाने कोणता प्रकार घ्यावा? चार तबकड्यांत बारा टेराबाइट देणारा पाचवा प्रकार पाहताक्षणी मोहात पाडतो. परंतु एक तबकडी मेल्यावर तिच्या जागी नवी बसवून ती भरावयाची म्हणजे उरलेल्या तीन तबकड्या पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचाव्या लागतात; बारा टेराबाइट, एकही चूक न होता. सामान्य तबकडीचे कारखानदार आपल्या पत्रकात दर १०० लक्ष कोटी अंकांमागे न वाचता येणारी जागा एकाहून अधिक नसेल, एवढीच हमी देतात. अक्षरांच्या मापात हे साडेबारा टेराबाइट झाले. ही हमीची मर्यादा आहे, भाकीत नव्हे. बऱ्याच तबकड्या प्रत्यक्षात याहून पुष्कळ चांगल्या वागतात. तथापि एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकाच खोक्यातून आणलेल्या चार तबकड्यांतील एक वयाने थकली असेल तर उरलेल्या तिघी तरुण कशा असतील? वेळही थोडा लागत नाही. सेकंदाला दीडशे मेगाबाइट या गतीने चार टेराबाइट भरायला सात तासांहून अधिक लागतात; आणि संघ त्याच वेळी वाचकांचे कामही करीत असेल तर दिवस लोटतो. म्हणून मोठ्या तबकड्यांचा संघ करताना सहावा प्रकार, किंवा आरसा आणि पट्टे यांचा संयोग असलेला दहावा, हेच शहाणपणाचे. दोहोंत आठ टेराबाइट जागा मिळते. दहाव्यात काम वेगाने चालते, पण एकाच जोडीतल्या दोन्ही तबकड्या गेल्या तर तो बुडतो; सहाव्यात कोणत्याही दोन गेल्या तरी चालते. जिथे लिहिणे थोडे आणि जपणे फार, तिथे सहावाच बरा.

ही सर्व आकडेमोड करण्यासाठी पूर्वी खास कार्डे घेत, आणि आजही घेतात. अशा कार्डाची मोठी उणीव अशी की ते स्वतःच जळाले तर त्याच कंपनीचे, त्याच जातीचे दुसरे कार्ड शोधावे लागते. तबकड्या धडधाकट असून त्यांची भाषा समजणारे कोणी उरत नाही. लिनक्सने हे काम प्रणालीच्या गाभ्यातच, म्हणजे कर्नलमध्ये, घेतले. १९९६ साली निघालेल्या कर्नलच्या दुसऱ्या आवृत्तीत ‘एमडी’ नावाचा हा विभाग होता. आरंभी त्याला तबकड्या एकीपुढे एक जोडणे आणि पट्टे पाडणे एवढेच येत असे, मेळ व आरसे मागाहून आले. पहिल्या काळातील साधनांना संघाची मांडणी एका वेगळ्या फाइलीत लिहून द्यावी लागे. ती फाइल हरवली किंवा चुकली की अनर्थ. २००१ च्या सुमारास ऑस्ट्रेलियातील नील ब्राउन यांनी ‘एमडी-ॲडम’ हे साधन रचले आणि ही गोष्ट बदलली. प्रत्येक तबकडीवर ‘सुपरब्लॉक’ नावाची एक छोटी नोंद असते. संघ कोणता, प्रकार कोणता, सभासद किती, आपला क्रमांक कितवा, हे सारे तीत लिहिलेले असते. ‘एमडी-ॲडम’ तबकड्यांनाच विचारते आणि संघ उभा करते. लिनक्सच्या बहुतेक सर्व वितरणांत हे साधन मिळते. भारतात सी-डॅकने २००७ साली प्रसृत केलेली ‘बॉस’ ही प्रणाली ज्या डेबियनवर उभारली, त्या डेबियनमध्येही ते आहे.

प्रत्यक्ष मांडणीचे काम तासाभराचे. त्यातली पंधरा मिनिटे कागद-पेन्सिलीची आहेत आणि तीच सर्वांत मोलाची. लिनक्स तबकड्यांना ‘एसडीए’, ‘एसडीबी’ अशी नावे देते. परंतु ही नावे संगणक पुन्हा चालू केल्यावर बदलू शकतात. प्रत्येक तबकडीवर कारखान्याचा छापलेला अनुक्रमांक मात्र बदलत नाही. तो वाचून घ्यावा, कोणत्या खणात कोणता अनुक्रमांक आहे हे पेटीच्या दारावर चिकटवून ठेवावे. पुढे कधी एखादी तबकडी मेली तर मेलेलीऐवजी जिवंत तबकडी उपटून काढण्याचा प्रमाद या चिठ्ठीने टळतो. हा प्रमाद वाटतो त्याहून पुष्कळदा घडतो.

त्यानंतर प्रत्येक तबकडीवर एक विभाग आखावा आणि शेवटी शंभरएक मेगाबाइट मोकळे सोडावे. कारण चार टेराबाइटची म्हणून विकली जाणारी दुसऱ्या कंपनीची तबकडी चार अंगुळे लहान निघू शकते, आणि संघ तिला सभासद करून घेण्यास साफ नकार देतो. मग ‘एमडी-ॲडम’ला निर्मितीची आज्ञा द्यावी. तीत संघाचे नाव, प्रकार सहावा, सभासद चार आणि त्या चौघींची नावे सांगितली की पुरे. पट्ट्याचा एकेक तुकडा किती मोठा असावा याची चिंता नवशिके फार करतात. साधन स्वतःहून ५१२ किलोबाइट घेते, आणि छायाचित्रांसारख्या मोठ्या फाइलींना ते माप चांगलेच मानवते. आज्ञा देताच संघ वापरण्याजोगा होतो, मात्र आतल्या आत मेळ लिहून पुरे होण्यास काही तास लागतात. तोपर्यंत ‘एमडीस्टॅट’ नावाच्या फाइलीत डोकावून प्रगती पाहता येते. त्याच फाइलीत चौकटी कंसात चार अक्षरे दिसतात, प्रत्येक निरोगी तबकडीमागे एक ‘यू’. एखादी गळली की तिच्या जागी नुसती आडवी रेघ उमटते. सगळ्या संघाची नाडी त्या चार अक्षरांत आहे.

संघावर मग ‘एक्स्ट-फोर’ किंवा ‘एक्सएफएस’ यांसारखी फाइल-व्यवस्था घालावी, जणू ती एकच मोठी तबकडी असावी. एक काम येथे पुष्कळांकडून राहून जाते. संघाची ओळख ‘एमडी-ॲडम’च्या मांडणी-फाइलीत नोंदवून, संगणक उठताना जी प्राथमिक प्रतिमा वाचतो तीही नव्याने तयार करावी लागते. तसे न केल्यास दुसऱ्या दिवशी शून्य क्रमांकाचा संघ १२७ क्रमांकाने प्रकट होतो आणि काल घातलेली फाइल-व्यवस्था सापडत नाही म्हणून धावपळ होते. मजकुराला काही झालेले नसते. घराचा क्रमांक तेवढा बदललेला असतो.

येथवर सारे यथासांग झाले म्हणजे चालक निर्धास्त होतात, आणि खरा धोका इथूनच सुरू होतो. एकटी तबकडी मरते तेव्हा काम थांबते, माणसे गोळा होतात. संघातील तबकडी मरते तेव्हा काहीच होत नाही. छायाचित्रे पूर्वीसारखीच उघडतात, कारण ज्यासाठी संघ केला तेच तो करीत असतो. मार्चमध्ये एक तबकडी गळाली, कोणाला कळले नाही. ऑगस्टमध्ये दुसरी गळाली, तरी कळले नाही. दिवाळीच्या सुमारास तिसरी गेली आणि त्या दिवशी मात्र सर्वांना कळले. अशा वेळी ‘रेड’ असूनही मजकूर गेला, अशी तक्रार ऐकू येते. संघाने दोनदा इशारा दिलेला असतो, पण तो कोणी न वाचणाऱ्या टपालपेटीत पडलेला असतो. ‘एमडी-ॲडम’चा एक पहारेकरी कायम जागा असतो आणि तबकडी गळताच ईमेल धाडतो, त्यासाठी मांडणी-फाइलीत पत्ता लिहावा लागतो. इतकेच नव्हे, तर त्या संगणकावरून बाहेर ईमेल जाते की नाही हेही पाहावे लागते. कित्येक संगणकांत ते मूळ चालकाच्या आतल्याच पेटीत साचत राहते. खोटा इशारा धाडून पाहण्याची सोय साधनात आहे. ते पत्र ग्रंथपालाच्या भ्रमणध्वनीवर येऊन पडल्याशिवाय मांडणी पुरी झाली असे समजू नये.

दुसरा मूक शत्रू म्हणजे क्वचित वाचल्या जाणाऱ्या जागा. वीस वर्षांपूर्वीच्या अंकाचे छायाचित्र कोणी उघडले नाही, आणि तबकडीचा तेवढा तुकडा हळूहळू वाचता न येण्याजोगा झाला. हे कळते कधी, तर दुसरी तबकडी मेल्यावर, भरणी चालू असताना. यावर उपाय म्हणजे ठरावीक काळाने संपूर्ण संघ वाचून पाहणे. डेबियनच्या वितरणात महिन्याच्या पहिल्या रविवारी हे आपोआप करण्याचा प्रघात पडला. न वाचता येणारी जागा सापडली की एमडी तिचा मजकूर मेळावरून काढते आणि त्याच जागी पुन्हा लिहिते. तबकडी ती जागा बदलून टाकते. मात्र एक मर्यादा ध्यानात ठेवली पाहिजे. तबकडी ‘मला वाचता येत नाही’ असे प्रामाणिकपणे सांगते तेव्हाच हा उपाय चालतो. ती चुकीचा मजकूर बिनदिक्कत बरोबर म्हणून देऊ लागली, तर नेहमीच्या वाचनात एमडी मेळ ताडून पाहत नाही. तपासणीत विसंगती मोजली जाते खरी, पण ती दुरुस्त करायला सांगितले तर मजकूरच खरा मानून मेळ नव्याने लिहिला जातो. प्रत्येक तुकड्याची खूणगाठ ठेवणाऱ्या ‘झेडएफएस’, ‘बीटीआरएफएस’ यांसारख्या व्यवस्था या बाबतीत एक पाऊल पुढे आहेत.

स्वस्त तबकड्यांची आणखी एक खोड आहे. वाईट जागा लागली की घरगुती संगणकासाठी केलेली तबकडी ती वाचण्याचा हट्ट एक-एक मिनिटही धरून बसते, कारण तिला वाटते, आपण एकटीच आहोत. लिनक्सचा कर्नल तीस सेकंद वाट पाहतो आणि मग तिला बेशुद्ध समजून झटका देतो. एवढ्यावरून एमडी तिला संघाबाहेर काढण्याचीही शक्यता असते. एका नासक्या जागेपायी चांगली तबकडी गमावली. संघासाठी केलेल्या तबकड्या सुमारे सात सेकंदांत हार मानतात. इतरांना तशी आज्ञा देता येते का ते पाहावे, नाहीतर कर्नलची सबुरी वाढवावी.

वीज अवेळी जाण्याचाही विचार हवा. मजकूर लिहून झाला आणि मेळ लिहायचा राहिला, अशा क्षणी दिवे गेले तर दोहोंत फारकत पडते. संघ बदलत्या जागांचा एक नकाशा ठेवतो, त्यामुळे वीज आल्यावर सगळा संघ पुन्हा तपासावा लागत नाही, तेवढाच भाग तपासून होतो. मात्र त्याच वेळी एखादी तबकडीही गळालेली असेल तर नकाशाने भागत नाही. बॅटरीवर चालणारे यूपीएस यंत्र आणि वीज संपत आल्यावर संगणक रीतसर बंद करणारी व्यवस्था, या खर्चात काटकसर करू नये.

एके दिवशी इशाऱ्याचे पत्र येते. तबकडी मेली असेल तर तिला निकामी घोषित करावे, संघातून काढावे, दारावरच्या चिठ्ठीवरून खण शोधून ती बदलावी, नवीवर विभाग आखावा आणि तिला संघात घ्यावे; भरणी आपोआप सुरू होते. तबकडी नुसती कुरकुरत असेल तर तिला आधीच न काढता नवी शेजारी जोडावी आणि ‘बदली’ची आज्ञा द्यावी. मग जुनी शेवटपर्यंत कामावर राहते आणि नवी भरून झाली की निवृत्त होते.

खरी कसोटी येते ती संघ उठतच नाही तेव्हा. केबल सैल झाली, दोनतीन तबकड्या एकदम दिसेनाशा झाल्या, पुन्हा दिसू लागल्या, पण संघ उभा राहत नाही. घाबरलेला माणूस अशा वेळी मूळ निर्मितीची आज्ञा पुन्हा देतो. ती चालली होती ना, मग आताही चालेल, असा त्याचा तर्क. ती आज्ञा जुन्या सुपरब्लॉकांवर नवे लिहिते. तबकड्यांचा क्रम चुकला, किंवा साधनाच्या नव्या आवृत्तीने मजकुराचा आरंभ वेगळ्या जागी धरला, तर नवा संघ जन्मतःच जुन्याचे मेळ पुसू लागतो. तबकड्यांच्या मृत्यूने जितके संघ बुडाले असतील तितकेच या एका आज्ञेने बुडाले असावेत. करायचे ते असे. प्रथम काहीही न लिहिता प्रत्येक तबकडीचा सुपरब्लॉक वाचावा आणि तो कागदावर उतरवून घ्यावा. त्यात घटनांचा एक क्रमांक असतो. तो ज्यांचा सारखा किंवा जवळजवळ सारखा आहे त्या तबकड्या एकमेकींशी अजून जुळतात. त्यांनाच घेऊन ‘जुळणी’ची आज्ञा द्यावी, ती नाकारली गेली तर हात आवरून, शक्य असल्यास तबकड्यांच्या पूर्ण प्रती काढून, मगच सक्तीच्या जुळणीचा विचार करावा.

संघ कितीही नीट बांधला तरी त्याला मजकुराची दुसरी प्रत म्हणता येत नाही. कोणी चुकून इतिवृत्तांचा कप्पा पुसला, तर तो चारी तबकड्यांवरून त्याच क्षणी पुसला जातो. आरसा रडणाऱ्याबरोबर रडतोच. चोर पेटी नेतो ती चौघींसह नेतो. खंडणीसाठी फाइली कुलूपबंद करणारे विषाणू मेळाला भीत नाहीत. म्हणून छायाचित्रांची एक प्रत निराळ्या तबकडीवर, निराळ्या इमारतीत, जमल्यास निराळ्या गावी असलीच पाहिजे, आणि वर्षातून एकदा तिच्यातून दहावीस फाइली परत काढून पाहिल्या पाहिजेत.

आणि जेव्हा संगणकच म्हातारा होतो, त्याचा मुख्य फलक जळतो, दुरुस्त करणारा नकारार्थी मान हलवतो, तेव्हा मुक्त प्रणालीत संघ बांधल्याचे फळ पदरात पडते. चारी तबकड्या काढून दुसऱ्या कोणत्याही कंपनीच्या संगणकात, कोणत्याही क्रमाने बसवाव्या. लिनक्स सुरू करून जुळणीची आज्ञा द्यावी. प्रत्येक तबकडी आपला सुपरब्लॉक पुढे करते, चौघींना आपापले क्रमांक मिळतात, आणि ‘एमडीस्टॅट’मध्ये चार ‘यू’ ओळीने दिसू लागतात.